डॉल्फिनच्या पोटातल्या शेवया

वाचकांचे प्रश्न, गुरांच्या डॉक्टरची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरबाब, नमस्कार. चवथीच्या आदल्या आठवड्यात आमच्या किनाऱ्याला मेलेला डॉल्फिन लागला. वनखात्याची माणसं आली, त्यांच्याबरोबर एक डॉक्टरीणबाई होत्या, आणि तिथेच वाळूत त्याची चिरफाड झाली. माझा नऊ वर्षांचा मुलगा आजोबांबरोबर बघायला गेला होता. पोट कापल्यावर आतून पांढऱ्या जंतांचा गोळा निघाला. घरी येऊन म्हणाला, ‘आई, शेवयांसारखा!’ तेव्हापासून तो बांगड्याला शिवत नाही. चवथीला केलेल्या शिरवाळ्यांचं (तांदळाच्या शेवयांचं) ताटसुद्धा त्याने सरकवलं. माझी जाऊ म्हणते, समुद्रात घाण वाढली म्हणून डॉल्फिनला जंत झाले आणि त्यातच तो मेला. आमची नुस्तेकान्न (मासेवाली) म्हणते, आमच्या नुस्त्यात, म्हणजे मासळीत, असलं काही नसतं. खरं काय समजायचं?
— एक आई, मांद्रे

उत्तर : बाय, तुमच्या जाऊबाई चुकतायत, नुस्तेकान्नही थोडी चुकतेय, आणि सगळ्यात अचूक बोललाय तो तुमचा मुलगा. शेवयाच. मीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात तोच शब्द आला होता, आणि मला त्या दिवशी दुपारी कुणीतरी शेवयांची खीर वाढली होती. असो.

मी जन्मभर गुरांचा डॉक्टर. अडलेली गाय, फुगलेला बैल, खुरकूत, यांत माझी नोकरी गेली. डॉल्फिनशी माझी गाठ पडली ती केवळ केरीच्या वाळूवर दुसरा कोणी सुरी चालवणारा नव्हता म्हणून. ‘गोरवांचो दोतोर आसा, ताका आपयात,’ असं कुणीतरी म्हणालं आणि मला जीपमधून नेलं. हम्पबॅक डॉल्फिन होता, आपल्या किनाऱ्याला अगदी लागून, नद्यांच्या मुखाशी दिसतो तो. मालवणकडे त्याला गादा म्हणतात. मी घाबरत घाबरतच पोटाला सुरी लावली आणि आत पाहिलं तर ओळखीचं घर! जठराला कप्पे. गाईच्या पोटाला चार असतात. इथे मुख्य तीन होते. पुढे वाचून कळलं की त्यात नवल काहीच नाही. डॉल्फिन आणि व्हेल हे जमिनीवरच्या खूरवाल्या जनावरांच्या कुळातलेच, आज जिवंत असलेल्यांत त्यांचा सगळ्यात जवळचा भाऊबंद पाणघोडा. म्हणजे गुरांच्या डॉक्टरला बोलावणारा माणूस नकळत बरोबरच बोलला होता.

डॉल्फिन मासा चावत नाही, सबंध गिळतो. तो पहिल्या कप्प्यात जाऊन पडतो आणि तिथे रगडला जातो. त्या दिवशी त्या कप्प्यात माशांचे काटे होते, ढोमा माशाच्या डोक्यात सापडतात तसले पांढरे खडे होते (ते माशाच्या कानातले खडे, त्यांच्यावरून कोणता मासा खाल्ला ते ओळखता येतं) आणि होत्या या शेवया. साधारण बोटभर लांब, दुधी रंगाच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. बऱ्याच मोकळ्या होत्या, हाताला लागल्या की घसरत होत्या. पण एका जागी जठराच्या आतल्या अस्तरात आठ आण्याच्या नाण्याएवढा खड्डा पडला होता, कडा उचललेल्या, आणि त्या खड्ड्यात पंधरावीस जंत डोकी खुपसून, शेपट्या बाहेर सोडून बसले होते. चिमट्याने एक ओढला, तर अस्तरही बरोबर उचललं गेलं. एवढी घट्ट पकड.

याचं नाव ॲनिसाकिस. मुलाने जे पाहिलं ते बहुतेक हेच. ‘बहुतेक’ एवढ्यासाठी, की मेलेल्या जनावरावर माश्या अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्याही पांढऱ्या असतात. पण त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, आणि डोळा, तोंड, जखम अशा उघड्या जागी वळवळतात. बंद पोट कापल्यावर आतून निघालेला लांब धाग्यांचा गोळा हा जंतांचाच.

आता तो तिथे पोचतो कसा, ते मुलाला सांगा. मुलांना ही गोष्ट आवडते. डॉल्फिनच्या पोटात जंताची मादी अंडी घालते, ती विष्ठेबरोबर समुद्रात जातात. अंड्यातून निघालेली अळी समुद्रातल्या जवळ्यासारख्या बारीक जिवांच्या पोटात जाते. त्यांना मासा किंवा माणकी (म्हणजे स्क्विड) खाते, की अळी तिच्या अंगात. तिथे ती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळं घालून, पातळ पिशवीत, काळजाला (यकृताला) नाहीतर आतड्याला चिकटून बसते. वाढत नाही, अंडी घालत नाही, नुसती थांबते. म्हापशाच्या बसस्टँडवर माणूस पेडण्याच्या गाडीची वाट बघत बसतो, तशी. त्या माशाला मोठ्या माशाने खाल्लं तर हिने फक्त बाकडं बदललं. डॉल्फिनने खाल्लं की मग हिची गाडी आली. पोटात जाऊन कात टाकते आणि मोठी होते.

म्हणून जाऊबाईंना सांगा, याचा घाणीशी संबंध नाही. ही साखळी पुरी व्हायला बारीक जीव हवेत, मासे हवेत, आणि ते खाणारा डॉल्फिन हवा. यातलं एक तुटलं की जंत संपला. २०२० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी जगभरच्या जुन्या नोंदी एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा १९७८ ते २०१५ या काळात माशांतल्या ॲनिसाकिसचं प्रमाण २८३ पट वाढलेलं दिसलं. वाचून कपाळावर आठी पडते. पण त्यांनी मांडलेल्या कारणांतलं एक असं, की व्हेल-सील मारण्यावर बंदी आल्यावर त्यांची संख्या सावरली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पोटातले भाडेकरूही परतले. अमेरिकेचा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा १९७२ चा. आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. मला हा योगायोग आवडतो.

मग तुमचा डॉल्फिन मेला कशाने? पत्रावरून निदान करायची खोड मी गाईंच्या बाबतीतही मोडून टाकली, पण चिरफाड करणारा काय बघतो ते सांगतो. पोट भरलेलं, घशात अजून ताजा मासा, चरबीचा थर जाड, कातडीवर जाळ्याच्या दोरीचे बारीक आडवे व्रण, फुप्फुसात फेस: असा डॉल्फिन खाता खाता जाळ्यात अडकून गुदमरला असं धरतात. तो मासा नव्हे, त्याला श्वासाला वर यावंच लागतं. उलट पोट रिकामं, अंग सुकलेलं, डोक्याच्या मागे मानेवर खळगा पडलेला, तर तो बरेच दिवस आजारी. जंत दोघांतही सापडतील. धडधाकट जनावराला ते अल्सर देतात, पण मारत नाहीत. आधीच खचलेल्याला आणखी खचवतात. खरा घातकी जंत दुसराच, नासिट्रेमा नावाचा चपटा. तो डोक्यातल्या हवेच्या पोकळ्यांत राहतो आणि वाट चुकून मेंदूत शिरला तर डॉल्फिनचं दिशाभान जातं, तो किनाऱ्याला लागतो. पण तो पोट कापून दिसत नाही, कवटी उघडावी लागते, आणि भरतीच्या आधी वाळूवर तेवढा वेळ मिळेलच असं नाही.

आता नुस्तेकान्न. तिला दुखवू नका, ती खोटं बोलत नाही. तिने पाहिलं नसेल, कारण या अळ्या आतड्या-काळजात असतात आणि ते तर मांजराला जातं. आपल्या किनाऱ्यावरच्या माशांतही या अळ्यांच्या नोंदी आहेत. (बांगड्याच्या कल्ल्यात कधी कधी पांढरट, बऱ्याच पायांचा किडा सापडतो तो हा नव्हे. तो माशाचा बाहेरून चिकटणारा पिसू, काढून टाका आणि विसरा.) अळी माणसाच्या पोटात जिवंत गेली तर चुकीच्या बसमध्ये चढल्यासारखी होते. जठराला डसते, काही तासांत मरणाची कळ आणि ओकाऱ्या, आणि दुर्बिणीतून चिमट्याने काढावी लागते. मोठी मात्र होत नाही, माणसात मरतेच. हे पहिल्यांदा उलगडलं हॉलंडमध्ये, १९६० साली. तिथे जेमतेम मुरवलेला कच्चा हेरिंग मासा खातात. १९६८ पासून तिथे तो आधी गोठवण्याची सक्ती झाली. जपानात कच्चा मासा रोजचा, म्हणून रुग्णही तिथे सर्वांत जास्त.

आपल्याकडे? तुमच्या हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, ती अळी एक उकळीसुद्धा काढत नाही. साठ अंशांच्या पुढे मासा आतपर्यंत शिजला की खेळ खलास. एकच गोष्ट ध्यानात ठेवा. रेशाद मसाला भरलेला बांगडा आपण जाडच्या जाड तव्यावर टाकतो, बाहेरून काळा-लाल होतो आणि काट्याजवळ गुलाबी राहतो. तिथे सुरीचं टोक घालून बघा. मसाल्यातल्या व्हिनेगराने अळी मरत नाही, लिंबानेही नाही, जेटीवरच्या बर्फाने तर मुळीच नाही. मासा मेल्यावर काही अळ्या आतड्यातून मांसात सरकतात, म्हणून मासळी आणल्या आणल्या पोट साफ करा, संध्याकाळवर ठेवू नका. किनाऱ्यावरच्या नव्या हॉटेलांत लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा मिळू लागलाय. खायचाच असेल तर तो आधी उणे वीस अंशांत सात दिवस गोठवला होता का, एवढं विचारा. वेटर तोंडाकडे बघत राहिला तर सुंगटांची (कोळंबीची) कढी मागवा.

आणि हो, एखाद्याला शिजवलेल्या मासळीनेही अंगावर गांधी उठतात आणि मासळीची ॲलर्जी म्हणून तो जन्मभर पेज खातो. त्यातल्या काहींना ॲलर्जी माशाची नसून मेलेल्या ॲनिसाकिसची असते. तिची काही प्रथिनं शिजवूनही टिकतात. असं कुणी घरात असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना हे नाव सांगा.

मुलाला शिरवाळ्यांची सक्ती करू नका. पुढच्या चवथीपर्यंत विसरेल. मेलेल्या डॉल्फिनला मात्र हात लावू देऊ नका. जंतांसाठी नाही, त्याच्या अंगातले काही जिवाणू माणसालाही बाधतात म्हणून. तो दिसला की जीवरक्षकाला किंवा वनखात्याला कळवायचं. डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मेलेलाही.

प्रश्न : माझा नातू म्हणतो की व्हेलच्या पोटात तीस मीटर लांबीचा जंत असतो. मी चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मला ही थाप वाटते.
— निवृत्त शिक्षक, फोंडा

उत्तर : गुरुजी, या वेळी नातू जिंकला. १९६७ साली स्क्रियाबिन या सोव्हिएत शास्त्रज्ञाने स्पर्म व्हेलच्या आतड्यातल्या एका पट्टकृमीचं वर्णन केलं, त्याची लांबी तीस मीटरच्या घरात. कदंबाच्या तीन बसगाड्या एकामागे एक लावा, जवळजवळ तेवढा.

मला यात लांबीपेक्षा त्याच्या संसाराचं नवल वाटतं. पट्टकृमीला तोंड नाही, पोट नाही. व्हेलने पचवलेल्या अन्नात तो नुसता पडून असतो आणि कातडीतून शोषतो. अंग म्हणजे कांड्यांची माळ, आणि प्रत्येक कांडं अंडी घालायचा कारखाना. आपल्या बकरीच्या आतड्यातही मोनिझिया नावाचा पट्टकृमी असतो, सहा मीटरपर्यंत वाढतो. पावसाळ्यात करडाच्या लेंडीला तांदळाच्या दाण्यासारखी कांडी चिकटलेली दिसतात, ती त्याचीच. बकरीच्या कृमीच्या कांड्यात जननेंद्रियांचे दोन संच असतात. व्हेलच्या त्या राक्षसाच्या एकेका कांड्यात त्याहून कितीतरी जास्त. समुद्र मोठा, अंडी हरवण्याची शक्यता मोठी, म्हणून कारखानाही मोठा.

नातवाला हरवायचं असेल तर त्याला विचारा, जगातला सर्वांत लांब गोल जंत कुठे सापडला? तो म्हणेल आतड्यात. चूक. स्पर्म व्हेल मादीच्या वारेत. प्लासेंटोनेमा, १९५१ साली गुबानोव्हने नोंदवला, मादी ८.४ मीटर. वार म्हणजे पिलू जन्मल्यावर पडून जाणारी वस्तू. तिच्यात घर करणाऱ्या जंताला घाई किती असेल याचा विचार करत मी एकदा अख्खी रात्र जागलो आहे.

व्हेलच्या आतड्यात काटेरी डोक्याचे कृमीही असतात, बोल्बोसोमा नावाचे. सोंडेवर उलट्या आकड्यांच्या रांगा, आतड्याच्या भिंतीत रुतवून बसलेले. आणि एक उलटी गोष्टही आहे. डॉल्फिनच्या चरबीत, शेपटीकडच्या भागात, वाटाण्याएवढ्या पिशव्या सापडतात. त्यांत पट्टकृमीचं बाळ असतं, आणि त्याला डॉल्फिन नकोच असतो. त्याची पूर्ण वाढ होते मोठ्या मोरीच्या, म्हणजे शार्कच्या आतड्यात. मोरीने डॉल्फिनचा लचका तोडला की हा पोचला. डॉल्फिन म्हणजे कुणाचं घर आणि कुणाचा बसस्टँड.

प्रश्न : मी सिकेरीहून डॉल्फिन दाखवायला बोट नेतो. एक पर्यटक म्हणाला, सरकारने डॉल्फिनना जंताचं औषध द्यावं, मासळीत मिसळून समुद्रात टाकावं. मी हसलो, पण उत्तर देता आलं नाही.
— बोटवाला

उत्तर : हसलात ते बरोबर. गोठ्यातली दहा गुरं असली तरी औषधाचा डोस प्रत्येकाच्या अंगात गेला का, याची मला शाश्वती नसे. समुद्राच्या गोठ्याला दार कुठलं? टाकलेली मासळी आधी घारी खातील, मग खेकडे. आणि दिलंच औषध, तरी डॉल्फिन दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मासा खाणार.

परदेशातल्या मत्स्यालयांत ठेवलेल्या डॉल्फिनना हे जंत सहसा होत नाहीत, हे खरं. कारण त्यांना गोठवलेली मासळी वितळवून देतात, अळी गोठून मेलेली असते. जंत नाही, पण समुद्रही नाही. आपल्या देशात २०१३ साली अशा डॉल्फिन-घरांवर बंदी आली, आणि गुरांच्या डॉक्टरच्या मते ते चांगलं झालं.

पर्यटकाला डॉल्फिनसाठी काही करायचंच असेल तर त्याने तुम्हाला इंजीन हळू ठेवायला सांगावं आणि ‘अजून जवळ न्या’ म्हणून ओरडू नये. तुम्हीही, पात्रांव, सात बोटींनी एका पिलाच्या आईला घेरता तेव्हा मी किल्ल्यावरून बघत असतो. हा हम्पबॅक डॉल्फिन जगभरच्या धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. तो गेला तर तुमची बोट काय दाखवणार?

प्रश्न : वास्कोला जेटीजवळ मी बारा-तेरा मांजरांना रोज खाऊ घालते. मोबाइलवर वाचलं की मांजरांमुळे समुद्रातले प्राणी मरतात. हे खरं असेल तर मला फार वाईट वाटेल.
— एक मांजरप्रेमी, वास्को

उत्तर : वाईट वाटून घेऊ नका, पण गोष्ट खरी आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एकपेशीय परजीवी आहे. तो उंदीर, बकरी, माणूस अशा कुणाच्याही अंगात राहू शकतो, पण त्याचं लग्न मात्र मांजराच्या आतड्यातच लागतं, वाघ-बिबळे धरून. अंडी फक्त मांजरवर्गाच्या विष्ठेतून पडतात, आणि ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात. पाऊस त्यांना गटारातून समुद्रात नेतो, तिथे शिंपल्या-कालवांसारखे पाणी गाळून खाणारे जीव ती साठवतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे समुद्री ऑटर आणि हवाईचे मंक सील या रोगाने मेलेले सापडलेत. समुद्रात न राहणाऱ्या प्राण्याच्या आतड्यातला परजीवी समुद्रातला प्राणी मारतो. पहिल्या पत्रातल्या जाऊबाईंना घाण हवी होती ना? ही घ्या, जमिनीवरून गेलेली.

आपण गुरांचे डॉक्टर बकऱ्यांचे गर्भपात झाले की या परजीवीची शंका घेतो, म्हणून मला हे नाव जुनं. तुम्ही करायचं एवढंच: मांजरांना कच्ची आतडी-मांस न घालता शिजवून घाला, त्यांची विष्ठा गटारात किंवा संडासात न ढकलता गुंडाळून कचऱ्यात द्या, हात साबणाने धुवा. आणि शक्य तेवढ्यांची नसबंदी करून घ्या. तेरा मांजरांची तीस होतात ती एका पावसाळ्यात. घरात कुणी गरोदर असेल तर मांजराची घाण तिने काढू नये. हे मी माझ्या सुनेलाही सांगितलं होतं आणि तिने पाच महिने ते काम मला लावलं.

प्रश्न : माझ्या कुत्र्याने पाळोळ्याच्या किनाऱ्यावर कुजलेल्या डॉल्फिनचा तुकडा खाल्ला. आता त्याला ते जंत होणार का?
— काणकोण

उत्तर : ॲनिसाकिसचं कुत्र्यात बस्तान बसत नाही. कुजक्या मांसाने हगवण-ओकारी होऊ शकते, दोन दिवस लक्ष ठेवा, पाणी भरपूर द्या, रक्त पडलं तर दवाखाना. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी देताय ना? नसाल तर तो डॉल्फिनचा दोष नाही. आणि किनाऱ्यावर दोरी लावून फिरवा.

प्रश्न : मी सातवीत आहे. आई बांगडा साफ करत होती तेव्हा काळजाला चिकटलेला गोल गुंडाळलेला पांढरा जंत मला दिसला. मला तो शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचा आहे. कसा ठेवू?
— विद्यार्थी, डिचोली

उत्तर : शाबास! तुझ्या आईला न दिसलेलं तू पाहिलंस. आधी माझी फजिती ऐक. केरीच्या त्या डॉल्फिनचे जंत ठेवायला माझ्याजवळ स्पिरिट नव्हतं. एका रापणकाराने (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या कोळ्याने) घरून काजूफेणीची बाटली आणली, म्हणाला, ‘हाची कडक आसा.’ मी विश्वास ठेवला. फेणीत अल्कोहोल असतं जेमतेम बेचाळीस टक्के, जंताला लागतं सत्तर. आठवड्याने बरणी उघडली तर आत फेणी होती, पण शेवयांची पेज झाली होती. वर ते सगळे वाकडेतिकडे गुंडाळलेले, मोजायचे कसे?

म्हणून तू असं कर. जंत साध्या पाण्यात हलक्या हाताने धू. मग आईला उकळीच्या जवळचं पाणी वाटीत ओतायला सांग आणि त्यात तो सोड. क्षणात सरळ होतो, बघत राहा. गार झाला की सत्तर टक्के स्पिरिटच्या छोट्या बरणीत. स्पिरिट विज्ञानाच्या सरांकडे मिळेल. ते पेट घेतं, तेव्हा तू गॅसजवळ नेऊ नकोस. बरणीच्या आत कागदाची चिठ्ठी टाक: मासा कोणता, कुठल्या बाजारातला, तारीख, जंत कुठल्या अवयवावर होता. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिही. पेनाने लिहिलीस तर शाई स्पिरिटात विरघळते, आणि मग बरणीत निळं पाणी आणि एक बेवारस जंत राहतो.